मोठ्यांचा पट्टा, लहानग्यांचा दंड : मुलांचं बीपी ओळखायला इतकी वर्षं का लागली?

घरात मुलांचं शाळेतलं आरोग्य तपासणीचं कार्ड असेल तर एकदा काढून बघा. उंची असेल, वजन असेल, डोळे, दात, कान असतील. बीपीचा रकाना आहे का? असेल तर भरलेला आहे का? आणि भरलेला असेल तर तो आकडा कोणत्या मापाच्या पट्ट्यानं घेतलाय, हे कुणी सांगू शकेल का?

"लहान मुलांना कुठलं आलंय बीपी?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. बीपी म्हणजे पन्नाशीचा आजार, टेन्शनचा आजार, आजोबांच्या गोळ्यांच्या डबीतला आजार. हा समज एकट्या आपला नाही. डॉक्टरी शास्त्रानंसुद्धा तो विसाव्या शतकात बराच काळ जपला. तो का जपला आणि कसा मोडला, याचा इतिहास मोठा रंजक आहे, आणि त्यातून आजच्या पालकांना कामाच्या चार गोष्टीही मिळतात. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात घोडीपासून

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं एका पाद्र्यानं. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स. त्यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून ती एका उंच काचेच्या नळीला जोडली. रक्त आठ फुटांहून जास्त वर चढलं. १७३३ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. पण जिवंत माणसावर हा प्रयोग कोण करून घेणार? पुढे १८२८ मध्ये फ्रान्सच्या पॉइझय यांनी लांबलचक नळीऐवजी पारा वापरला. पारा जड, त्यामुळे नळी आखूड झाली. आज आपण बीपी 'मिलिमीटर पारा' या मापात सांगतो ते तिथून आलं.

धमनी न कापता दाब मोजायची सोपी युक्ती सापडायला १८९६ साल उजाडलं. इटलीतल्या तुरीनचे डॉक्टर रिवा-रोची यांनी दंडाभोवती हवा भरायचा रबरी पट्टा बांधला, मनगटाची नाडी लागेनाशी होईपर्यंत हवा भरली आणि पाऱ्याचा आकडा वाचला. पुढे १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे तरुण लष्करी शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव यांनी एक छोटंसं टिपण वाचलं. पट्ट्याखाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून हवा हळूहळू सोडली, की ठोके ऐकू यायला लागतात आणि मग नाहीसे होतात. ठोके सुरू झाले तो वरचा आकडा, थांबले तो खालचा. सव्वाशे वर्षं होत आली, पण स्टेथोस्कोपनं बीपी मोजायची पद्धत अजून हीच आहे.

पट्ट्याच्या रुंदीचा घोळ

या गोष्टीतला कळीचा मुद्दा इथे आहे. रिवा-रोचींचा पट्टा अगदी अरुंद होता, जेमतेम पाच सेंटिमीटर. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिलं की अरुंद पट्टा खोटा जास्त आकडा दाखवतो. धमनी दाबायला त्याला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून आकडा फुगतो. उपाय म्हणून पट्टा रुंद केला गेला, बारा-तेरा सेंटिमीटरच्या आसपास, आणि दवाखान्यात तोच रूढ झाला.

रुंदी ठरली, पण कुणाच्या दंडावरून? मोठ्या माणसाच्या.

तोच पट्टा पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला गुंडाळला तर उलटं होतं. पट्टा दंडाच्या मानानं फार मोठा, त्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. म्हणजे ज्या मुलाचं बीपी खरंच वाढलेलं आहे, तेही 'नॉर्मल' म्हणून घरी जाणार. आणि स्थूल मुलाच्या जाड दंडाला लहान पट्टा लावला तर निरोगी पोरसुद्धा पेशंट ठरणार. मापच चुकलं तर पुढचं निदान काय घ्यायचं?

आजचा नियम असा : पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी आणि लांबी घेराच्या ८० ते १०० टक्के. 'मुलांचा पट्टा' असं एकच माप नसतं. तान्ह्या बाळापासून कॉलेजच्या पोरापर्यंत वेगवेगळे पट्टे लागतात.

अगदी तान्ह्या बाळांची तर वेगळीच पंचाईत होती. त्यांच्या दंडावर ते ठोके ऐकूच येत नाहीत. म्हणून मध्यंतरी अशी पद्धत होती : हात किंवा पाय दाबून पांढरा करायचा, पट्ट्यात हवा भरायची आणि मग सोडताना कातडीवर लाली परत कधी येते ते डोळ्यांनी बघायचं. ती लाली दिसली तो आकडा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पट्ट्यातली स्पंदनं स्वतःच टिपणारी यंत्रं आली आणि बाळांचं बीपी मोजणं सोपं झालं.

पैसा कुठे होता, तिकडे मोजमाप गेलं

आता विचाराल, यंत्र होतं, पद्धत होती, मग मुलांचं बीपी नियमित का मोजलं गेलं नाही?

एक कारण अगदी व्यवहाराचं. बीपीचे आकडे मोठ्या संख्येनं गोळा करायला सुरुवात केली ती अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पॉलिसी घेणारा लवकर गेला तर कंपनीचं नुकसान, म्हणून त्यांना बीपी हवं होतं. पॉलिसी घेणारे कोण? कमावते पुरुष. त्यामुळे वर्षानुवर्षं जे आकडे साठले ते मोठ्यांचे साठले.

दुसरं कारण म्हणजे उपाय नव्हता. १९३० च्या दशकात अनेक नामवंत डॉक्टरांना वाटायचं की वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे, कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला तो लागतोच. म्हणून तर त्याला 'इसेन्शियल' म्हणजे आवश्यक असं नाव पडलं होतं. हाताशी चांगली गोळी नाही, मग मोजून करायचं काय? १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रेमिंगहॅमचा प्रसिद्ध अभ्यास सुरू झाला, पण तोही तिशीच्या पुढच्या माणसांवर. १९५० च्या दशकाच्या शेवटी सोसतील अशा गोळ्या आल्या. गोळ्यांनी लकवा आणि हार्ट फेल्युअर टळतं हे १९६७ आणि १९७० मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचण्यांनी सिद्ध झालं. ते सैनिकही सगळे प्रौढ पुरुषच. या सगळ्यात लहान मूल कुठेच नव्हतं.

जी मुलं दिसली ती फार आजारी होती

याचा अर्थ मुलांचं बीपी कुणालाच माहीत नव्हतं असा नाही. मूत्रपिंडाच्या सुजेनं अंग सुजलेली, लघवी लालसर होणारी मुलं डॉक्टर बघत होते. त्यांचं बीपी भयंकर वाढायचं, झटके यायचे. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्यानं थोडी आवळून दाखवलं की मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं तर बीपी चढतं. लगेच १९३८ मध्ये लेडबेटर आणि बर्कलंड या अमेरिकन डॉक्टरांनी साधारण पाच वर्षांच्या एका मुलाचं बिघडलेलं मूत्रपिंड काढलं आणि त्याचं बीपी उतरलं.

दुसरा मोठा टप्पा स्टॉकहोमचा. काही मुलांच्या महाधमनीला जन्मतःच एक चिंचोळी जागा असते. तिच्या आधी, म्हणजे हातात, दाब जास्त. तिच्या पुढे, म्हणजे पायात, दाब कमी. १९४४ च्या ऑक्टोबरात क्लारेन्स क्राफूर्ड यांनी १२ वर्षांच्या मुलाचा तो चिंचोळा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनीही हे करून दाखवलं. बीपीचं कारण शोधून ते कायमचं काढून टाकता येतं, आणि तेही मुलात, हे यातून दिसलं.

आजही मुलाचं बीपी उजव्या हातावर मोजतात आणि ते जास्त निघालं तर पायाचंही मोजतात, त्याचं मूळ या आजारात आहे. जांघेतली नाडी हातानं चाचपून बघायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. फक्त आठवण लागते.

आपल्या देशात यात आणखी एका आजाराची भर आहे. महाधमनीला आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. मिकितो ताकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ मध्ये त्याची पहिली नोंद केली, म्हणून नाव ताकायासु. भारतातल्या मोठ्या मुलांमध्ये मूत्रपिंडाच्या धमनीमुळे चढणाऱ्या बीपीचं ते एक महत्त्वाचं कारण आहे. यात एका हाताची नाडी लागतच नाही असंही होतं. त्याच हातावर बीपी मोजलं तर आकडा फसवा येणार.

पण या यशाची एक उलटी बाजू होती. बीपी वाढलेलं मूल म्हणजे आजारी दिसणारं मूल, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं. खेळणाऱ्या-बागडणाऱ्या पोराच्या दंडाला पट्टा बांधायचं कुणाच्या मनात येईना.

आयोवा, लुइझियाना आणि एक बालरोगतज्ज्ञ

हे बदलायला सुरुवात झाली ती साध्या दवाखान्यातून. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे बालरोगतज्ज्ञ सोल लोंडे यांनी रोजच्या तपासणीला येणाऱ्या मुलांचं बीपी मोजून १९६६ पासून ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १९७१ मध्ये वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांमधल्या वाढलेल्या बीपीवर त्यांचा लेख आला. पाठोपाठ आयोवामधल्या मस्कटीन गावात शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास उभा राहिला. १९७३ मध्ये लुइझियानातल्या बोगालुसा या छोट्या गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी तसाच दुसरा अभ्यास सुरू केला. गोरी मुलं, काळी मुलं, सगळी. वर्षानुवर्षं तीच मुलं पुन्हा पुन्हा मोजायची.

बोगालुसातला एक निष्कर्ष वाचताना अंगावर काटा येतो. त्या अभ्यासातली काही मुलं आणि तरुण अपघातासारख्या कारणांनी गेले. त्यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पट्टे आणि कठीण थर दिसले, आणि जिवंतपणी ज्यांचं वजन, बीपी, कोलेस्टेरॉल जास्त होतं त्यांच्यात ते जास्त होते. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पन्नाशीचा म्हणून ओळखला जाणारा आजार शाळेच्या वयातच पाया घालत होता.

मग रेषा कुठे मारायची?

मोठ्यांचं सोपं असतं. एक आकडा ठरवला, त्याच्यावर गेलं की बीपी. मुलांचं तसं नाही. दोन वर्षांच्या मुलाचं आणि बारा वर्षांच्या मुलाचं बीपी सारखं नसतं, ते वयाबरोबर वाढत जातं. शिवाय मोठ्यांच्या रेषेला आधार होता, अमुक आकड्यावर इतक्यांना लकवा आला. मुलांना लकवा सहसा येत नाही, तो आलाच तर बहुधा चाळीस वर्षांनी.

म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञगटानं वेगळी वाट धरली. एकाच वयाची शंभर मुलं बीपीच्या चढत्या क्रमानं रांगेत उभी केली, तर पंच्याण्णवाव्याच्या पुढे आहेत ती 'जास्त' धरायची. तेही एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा मोजून. आणि तीन वर्षांपासून पुढे दरवर्षी मोजायचं. कोरोत्कोव यांच्या टिपणानंतर ७२ वर्षांनी मुलांना स्वतःची मोजपट्टी मिळाली.

ती मोजपट्टीही पुढे चार वेळा घासूनपुसून घ्यावी लागली. १९८७ मध्ये ७० हजारांहून जास्त मुलांचे आकडे घेतले गेले. १९९६ मध्ये उंची आली, कारण उंच मुलाचं बीपी नैसर्गिकरीत्या थोडं जास्तच असतं. खालचा आकडा ठोके मंद झाल्यावर धरायचा की पूर्ण थांबल्यावर, हा वादही तेव्हाच मिटला. पूर्ण थांबल्यावर. २००४ मध्ये पुन्हा सुधारणा. आणि २०१७ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीनं एक महत्त्वाची गोष्ट केली : कोष्टकातून जाड मुलं वगळली. मधल्या काळात मुलांचं वजन वाढलं होतं, त्यामुळे 'सर्वसाधारण' आकडाच वर सरकला होता. सगळा वर्गच जाड झाला तर जाड मूल सर्वसाधारण दिसणार, तसं. वजन बरोबर असलेल्या मुलांवरून नवी कोष्टकं केली तेव्हा रेषा थोडी खाली आली.

त्याच कागदपत्रात घाईच्या ओपीडीसाठी एक छोटा तक्ता आहे. ८ वर्षांसाठी १०७/६९, १० वर्षांच्या मुलग्यांसाठी १०८/७२, आणि १३ च्या पुढे सरळ १२०/८०. आकडा इथे पोचला किंवा पुढे गेला तर मूल आजारी आहे असं नाही. नीट मोजा, वय-उंचीचं कोष्टक बघा, एवढाच त्याचा अर्थ. पण विचार करा, सर्वसाधारण उंचीच्या आठ वर्षांच्या मुलाचं १२०/८० आलं तर आपण म्हणू, "अरे वा, एकदम पर्फेक्ट!" प्रत्यक्षात तो आकडा त्या वयाच्या पंच्याण्णवाव्या रेषेच्याही वर आहे.

कागदावर आलं, फाईलमध्ये नाही

नियम झाले म्हणजे काम झालं का? २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या दवाखान्यांच्या १४ हजार १८७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात ५०७ मुलांचं बीपी वेगवेगळ्या भेटींत निकषाच्या वर होतं. त्यांपैकी किती मुलांच्या फाईलमध्ये तसं निदान लिहिलेलं होतं? १३१. म्हणजे चारातल्या तिघांचा आकडा मोजला, लिहिला, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. कारण तो आकडा मोठ्यांच्या नजरेला नॉर्मल दिसत होता.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. सरसकट सगळ्या मुलांचं बीपी मोजत सुटावं का? अमेरिकेच्याच सरकारी तज्ज्ञगटानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितलं की लक्षणं नसलेल्या सगळ्या मुलांची अशी तपासणी करून फायदा जास्त की तोटा जास्त, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. त्यात तथ्य आहे. पांढरा कोट बघून मूल घाबरतं, बीपी चढतं, मग घरात रडारड, तपासण्यांवर तपासण्या. म्हणूनच आज निदान पक्कं करायला २४ तास दंडाला यंत्र बांधून घरीदारी, झोपेत, जागेपणी बीपी मोजायचा सल्ला आहे.

पण पुरावाही वाढतोय. २००९ मध्ये युरोपात मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या ३८५ मुलांचा पाच वर्षांचा अभ्यास आला. ज्यांचं बीपी जास्त काटेकोरपणे खाली ठेवलं त्यांच्यात मूत्रपिंड निकामी होण्याकडे जाणारी घसरण मंदावली. आणि २०२२ मध्ये अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ३८ हजारांहून जास्त माणसांचा हिशोब मांडला गेला. १९७० पासून पुढे शाळेत मोजलेली हीच मुलं, त्यात मस्कटीन आणि बोगालुसाचीही. लहानपणी बीपी, वजन, कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त झाला.

यात पुणं कुठे आहे?

आहे, आणि मानाच्या जागेवर आहे. १९८९ च्या सुमारास इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडलं की जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांना पुढे बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तिथेच जन्मलेल्या मुलांचा माग ठेवला होता. १९९९ मध्ये आठ वर्षांच्या ४७७ मुलांचे निष्कर्ष आले. जन्मतः हलकी आणि आठव्या वर्षी अंगावर चरबी चढलेली मुलं, यांच्यात पुढच्या आजारांची चिन्हं सगळ्यात ठळक होती. त्या चिन्हांत बीपीही होतं.

आपल्याकडे याचा अर्थ लक्षात घ्या. कमी वजनाची बाळं आपल्याकडे भरपूर. आणि 'बाळ अशक्त आहे, भरवा त्याला' म्हणत पुढे त्याला बिस्किटं, फरसाण, वेफर्सवर वाढवणारे आपणच.

मग आता करायचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा येणं अपेक्षित आहे. म्हणजे गाडी आहे, डॉक्टर आहेत, मूल समोर बसलेलं आहे. उरतो प्रश्न पट्ट्यांच्या संचाचा आणि भिंतीवर लावायच्या एका कोष्टकाचा. हा काही कोट्यवधींचा प्रकल्प नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत असाल, ग्रामपंचायतीत असाल, नुसते पालक असाल, तर पुढच्या तपासणीआधी एवढं विचारा :

१. मुलांचं बीपी मोजणार का? मुलांच्या मापाचे पट्टे आहेत का? जाड दंडाच्या मुलांसाठी मोठा पट्टा आहे का?

२. मोजण्याआधी मूल पाच मिनिटं शांत बसवणार का? धावत आलेल्या पोराचं, उभ्या-उभ्या मोजलेलं बीपी धरायचं नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात छातीच्या पातळीला.

३. आकडा जास्त आला तर लगेच शिक्का मारू नका. पुन्हा, वेगळ्या दिवशी, स्टेथोस्कोपनं. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आला तरच निदानाची भाषा.

४. जास्तच निघालं तर पुढे कुठे पाठवणार, हे आधी ठरलेलं आहे का?

आणि काही मुलांच्या बाबतीत शाळेची वाट बघूच नका. वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं मूल, मूत्रपिंडाचा किंवा वारंवार लघवीच्या जंतुसंसर्गाचा इतिहास, जन्मजात हृदयदोष, मधुमेह, वजन खूप जास्त, किंवा बराच काळ स्टिरॉइडवर असलेलं मूल. यांचं बीपी डॉक्टरांच्या प्रत्येक भेटीत मोजलं गेलं पाहिजे. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या. त्यात त्यांचा अपमान नाही. मूल जितकं लहान आणि आकडा जितका जास्त, तितकी आत मूत्रपिंडाचं किंवा धमनीचं कारण दडलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि यातली काही कारणं पूर्ण बरी होतात. किशोरवयीन मुलांत मात्र वजन, मीठ, बसून राहणं आणि घरातला वारसा ही कारणं पुढे येतात. तिथे बऱ्याचदा पहिलं औषध मैदान आणि जेवणाचं ताट हेच असतं. गोळी लागेल का ते डॉक्टर ठरवतील, आजोबांच्या डबीतली देऊ नका.

तुमच्या शाळेत मुलांचं बीपी मोजतात का? गाव आणि तालुक्याच्या नावासह कमेंटमध्ये लिहा, मुलाचं नाव नको. पुरेशी उत्तरं जमली तर यादी करून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला देऊ.